डिझेल इंजिनचा ठोका: आवाज कुठून येतो, आणि इंजिन खोलायच्या आधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल इंजिन (म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून इंधन देणारं). थंड असताना चालू केलं की काही मिनिटं जोरात कडकड आवाज येतो. गरम झाल्यावर तो बराचसा जातो, पण आयडलला एक बारीक, कोरडा ठोका राहतोच. मध्यंतरी दोन इंजेक्टर बदलले, तेव्हापासून आवाज वाढलाय. एक मेकॅनिक म्हणतो बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) गेलं, इंजिन खोला. दुसरा म्हणतो इंधन हलकं आहे. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने जसं नॉकिंग थांबतं तसं डिझेलमध्येही काहीतरी घाला. यातलं कोणाचं ऐकावं?

इंजिन आत्ताच खोलू नका. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य "इंजेक्टर बदलल्यापासून आवाज वाढलाय" हे आहे, आणि दोन्ही मेकॅनिकनी नेमकं तेच बाजूला ठेवलंय. बेअरिंग गेलंही असेल, पण ते सिद्ध करायला किंवा खोडून काढायला इंजिन खोलावं लागत नाही. त्यासाठी आधी डिझेलमध्ये ठोका कसा तयार होतो ते नीट समजून घ्या. पेट्रोल इंजिनवरून केलेले अंदाज इथे उलटे पडतात.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळलेलं असतं. ठिणगी पडते, ज्वाला पसरत जाते, आणि ज्वालेच्या पुढे दाबलं गेलेलं उरलंसुरलं मिश्रण ती पोचायच्या आतच स्वतःहून पेटतं. तो ठोका ज्वलनाच्या शेवटाकडे होतो. डिझेलमध्ये स्वतःहून पेटणं हीच तर इंजिन चालण्याची रीत आहे. सिलिंडरमध्ये नुसती हवा दाबली जाते, ती तापते, आणि टॉप डेड सेंटरच्या (टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचतो ती जागा) थोडं आधी इंजेक्टर तिच्यात इंधन फवारतो. इथला ठोका ज्वलनाच्या अगदी सुरुवातीला होतो, आणि तोही इंधनाने पेटायला उशीर केला म्हणून. पेट्रोलमध्ये इंधन वेळेआधी पेटतं ही तक्रार, तर डिझेलमध्ये ते वेळेवर पेटत नाही ही.

म्हणून उपायही उलटे आहेत. कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) वाढवला, आत येणारी हवा गरम असली, सिलिंडरच्या भिंती तापलेल्या असल्या, की पेट्रोल इंजिन जास्त नॉक करतं आणि डिझेल कमी. जास्त ऑक्टेनचं इंधन म्हणजे सहज न पेटणारं इंधन. पेट्रोलमध्ये ते हवंहवंसं असतं, डिझेलमध्ये नेमकं नको असतं. डिझेलच्या टाकीत पेट्रोल गेलं तर ठोका वाढतो. शिवाय हाय प्रेशर पंपाला वंगण त्या इंधनाचंच असतं, आणि पेट्रोल ते वंगण धुऊन टाकतं. त्यामुळे "ऑक्टेनवालं काहीतरी घाला" हा सल्ला तर अजिबात ऐकू नका.

आता उशीर म्हणजे नेमका किती? १७ च्या आसपास कॉम्प्रेशन रेशो असलेल्या गरम इंजिनात दाबलेली हवा ढोबळमानाने ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. डिझेल स्वतःहून पेटायला साध्या वातावरणात २१० ते २५० अंश पुरतात. तरीही फवारा आत आला त्याच क्षणी आग लागत नाही. थेंब फुटायला हवेत, त्यांची वाफ व्हायला हवी, वाफ हवेत मिसळायला हवी. हा झाला भौतिक भाग. त्यानंतर रेणू तुटण्याची रासायनिक साखळी सुरू होऊन ती भडक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. फवारा सुरू झाल्यापासून पेट घेईपर्यंतच्या या वेळेला इग्निशन डिले म्हणतात. गरम, धडधाकट इंजिनात तो एक मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. थंड इंजिनात तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो.

त्या मिलिसेकंदात इंजेक्टर थांबलेला नसतो, तो फवारतच असतो. डिले जितका लांबेल तितकं जास्त इंधन सिलिंडरमध्ये न पेटता साचतं, आणि पेट घेतं तेव्हा साचलेलं सगळं एकदम पेटतं. इंजिनांवर संशोधन करणारे ब्रिटिश अभियंते सर हॅरी रिकार्डो यांनी डिझेलच्या ज्वलनाचे तीन टप्पे मांडले: डिले, मग साचलेल्या इंधनाचा झपाट्याने होणारा भडका, आणि त्यानंतर फवारा येईल तसं जळत जाणारं नियंत्रित ज्वलन. चौथा टप्पा बरेच जण जोडतात तो म्हणजे पिस्टन खाली जाताना रेंगाळत जळणाऱ्या उरलेल्या इंधनाचा. तुम्हाला ऐकू येणारा ठोका दुसऱ्या टप्प्यातला असतो, पण त्याचं कारण पहिल्या टप्प्यात असतं. निदान करताना माझा सगळा भर याच गोष्टीवर असतो. प्रत्येक ठोक्याला मी एकच प्रश्न विचारतो: या सिलिंडरमध्ये डिले कशाने लांबलाय, किंवा त्या डिलेच्या काळात नेहमीपेक्षा जास्त इंधन कशाने आत येतंय?

आवाज धातूवर धातू आपटल्यासारखा येतो म्हणून लोक बेअरिंगकडे धावतात. प्रत्यक्षात दाब एकदम चढला की ज्वलन कक्षातल्या वायूमध्ये दाबाच्या लाटा भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतात. १०० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) असेल तर या लाटांची मुख्य वारंवारिता साधारण ५ ते ६ किलोहर्ट्झ निघते, आणि ब्लॉक-हेडच्या लोखंडातून ती कानाला कडक, कोरडी, धातूसारखीच लागते. एकही भाग सैल नसताना हा आवाज येऊ शकतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: डिझेलमध्ये थोडा ठोका कायमच असतो. साध्या आणि त्रासदायक ठोक्यात फरक फक्त प्रमाणाचा आहे, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक अंशाला दाब किती बारने चढतो याचा. तीन-चार बार असेल तर इंजिन मऊ चालतं. दहाच्या पुढे गेला की कानाला तर कळतंच, बेअरिंग आणि रिंगांनाही कळतं.

इथे वेगाचं गणित मांडून बघण्यासारखं आहे. डिले हा वेळेत मोजला जातो, पण इंजिन चालतं अंशांत. ८०० आरपीएमच्या आयडलला एका मिलिसेकंदात क्रँक ४.८ अंश फिरतो. ३००० आरपीएमला तेवढ्याच वेळात १८ अंश. म्हणून वेग वाढला की फवारा आधी सुरू करावा लागतो, आणि म्हणूनच जहाजावरचं १०० आरपीएमचं अवाढव्य इंजिन, ज्यात एका मिलिसेकंदाला फक्त ०.६ अंश जातात, डांबरासारखं जड इंधन निमूटपणे जाळतं. तिथेही मर्यादा आहेच. जड इंधनाच्या घनतेवरून आणि विस्कॉसिटीवरून सीसीएआय नावाचा आकडा काढतात, आणि तो ८७० च्या पुढे गेला की मध्यम वेगाची इंजिनं सुरू होताना आणि कमी लोडवर ठोके देऊ लागतात.

इंधन किती पटकन पेटतं हे सीटेन नंबर सांगतो. तो मोजण्याची पद्धतसुद्धा डिलेवरच उभी आहे. एका सिलिंडरचं, कॉम्प्रेशन रेशो बदलता येणारं ठरावीक इंजिन ९०० आरपीएमला चालवतात. फवारा टीडीसीच्या १३ अंश आधी सुरू होतो, आणि पेट बरोबर टीडीसीला घेतला जाईपर्यंत कॉम्प्रेशन रेशो बदलत नेतात. १३ अंश म्हणजे या वेगाला साधारण २.४ मिलिसेकंद. मग माहीत असलेल्या इंधनांशी तुलना करून नंबर ठरतो. शुद्ध सीटेनला १०० धरलेलं आहे. युरोपच्या ईएन ५९० मानकात किमान ५१ सीटेन लागतं, अमेरिकेच्या एएसटीएम डी९७५ मध्ये किमान ४०. म्हणजे मानकात बसणाऱ्या दोन डिझेलांतही थंड इंजिनाच्या आवाजात फरक पडू शकतो. सीटेन वाढवणारी औषधं खरोखर असतात. त्यांत मुख्यतः २-एथिलहेक्झिल नायट्रेट असतं, आणि त्याने नंबर काही अंकांनी वर जातो. इंधन खरंच कमी सीटेनचं असेल तर थंडीतला आवाज त्याने कमी होतो. पण इंधनाची तक्रार चारही सिलिंडरांना सारखी असते. ठोका एकाच सिलिंडरचा असेल तर इंधनाला दोष देण्यात अर्थ नाही, आणि बाटलीवर पैसे घालवण्यातही नाही.

डिले लांबवणाऱ्या बाकीच्या कारणांकडे येतो. हवेच्या बाजूला कॉम्प्रेशन कमी असणं हे सगळ्यात मोठं कारण. झिजलेल्या रिंगा, गळणारी व्हॉल्व्ह, पिचलेलं हेड गॅस्केट, काहीही असो, हवा पुरेशी दाबली जात नाही आणि तापतही नाही. ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारी विजेची कांडी) मेलेला असेल तर तोच सिलिंडर थंड असताना ठोकतो आणि पांढरा धूर देतो. नव्या इंजिनांत ग्लो प्लग इंजिन चालू झाल्यावरही काही मिनिटं तापत राहतात, त्यामुळे एक मेलेला प्लग "चालू व्हायला त्रास नाही, पण सुरुवातीला कडकड" एवढंच लक्षण दाखवतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन कधीच पुरतं तापत नाही. उंचावरची विरळ हवाही डिले वाढवते. टर्बो उलट काम करतो: लोडवर तो जास्त दाबाची, जास्त गरम हवा देतो, म्हणून टर्बो डिझेल लोड घेतल्यावर शांत होतं.

टायमिंगबद्दल गैरसमज फार आहेत. फवारा जास्त आधी दिला की आत्ता कुठे दाबली जाणारी, पुरेशी न तापलेली हवा त्याला भेटते. डिले लांबतो, इंधन साचतं, ठोका वाढतो. यावर काही जण सरळ टायमिंग मागे घेतात. आवाज जातो हे खरं, पण मग ज्वलन पिस्टन खाली जाताना होऊ लागतं: ताकद कमी, डिझेलचा खप जास्त, काळा धूर, एक्झॉस्ट तापलेला. त्या तापाने पुढे टर्बो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मरतात. ठोका झाकण्यासाठी टायमिंग मागे घेणं मला मुळीच मान्य नाही. टायमिंग कंपनीने दिलेल्या खुणेवर आणा, आणि तरीही ठोका असेल तर कारण दुसरीकडे शोधा. जुन्या रोटरी पंपांमध्ये इंजिन थंड असताना टायमिंग मुद्दाम पुढे नेणारी व्यवस्था असते, थंडीत इंधन न जळता बाहेर जाऊ नये म्हणून. ती गरम झाल्यावर मागे आली नाही तर "गरम इंजिनही थंडासारखं ठोकतंय" अशी तक्रार येते. पंपाला हात लावण्याआधी ती लिव्हर हलते का ते डोळ्यांनी बघावं.

आता इंजेक्टर. मेकॅनिकल इंजेक्टरचा नोझल ठरावीक दाबाला उघडतो, बऱ्याच डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत १८० ते २५० बारच्या दरम्यान. स्प्रिंग बसली किंवा शिम झिजली की तो कमी दाबाला उघडतो. याचे परिणाम दोन, आणि दोन्ही एकाच दिशेचे: फवारा ठरल्यापेक्षा आधी सुरू होतो, आणि दाब कमी असल्यामुळे थेंब मोठे पडतात. मोठ्या थेंबाची वाफ व्हायला वेळ लागतो. म्हणजे टायमिंग न बदलता टायमिंग पुढे गेलं आणि वर फवाराही बिघडला. टेस्टरवर असा नोझल लगेच ओळखू येतो. हँडल हळू दाबलं की चांगली सुई करकर आवाज करत उघडझाप करते आणि फवारा धुक्यासारखा, चारी भोकांतून सारखा निघतो. मग उघडण्याच्या दाबाच्या वीसेक बार खाली दाब धरून दहा सेकंद थांबायचं. टोक कोरडं राहिलं पाहिजे. तिथे थेंब लटकला तर तो नोझल सिलिंडरमध्येही ठिबकतो. हे करताना हात फवाऱ्यापासून लांब ठेवा. या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावं लागतं.

कॉमन रेलमध्ये आवाज कमी करण्याचं मुख्य हत्यार पायलट इंजेक्शन आहे, आणि तुमची केस मला इथेच दिसते. १९९७ मध्ये प्रवासी गाड्यांमध्ये कॉमन रेल आलं तेव्हा डिझेलचा आवाज एवढा उतरला तो याच्यामुळे. मुख्य फवाऱ्याच्या आधी एक-दोन घनमिलिमीटर इंधन सोडायचं. ते पेटून हवा तापवतं, आणि मुख्य फवारा येतो तेव्हा डिले जवळजवळ उरतच नाही. ही मात्रा एवढी सूक्ष्म असते की दोन नव्या इंजेक्टरांतला कारखान्यातला किरकोळ फरकही चालत नाही. म्हणून प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा कोड कोरलेला असतो आणि इंजेक्टर बदलल्यावर तो ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. जुनाच कोड राहिला तर ईसीयू नव्या इंजेक्टरला जुन्याच्या हिशोबाने उघडतो. पायलट कमी पडतो किंवा अजिबात पडत नाही, आणि तो सिलिंडर कोरडा ठोका देऊ लागतो. पायलट जास्त पडला तरी आवाज बदलतो, आयडल हलतं. बऱ्याच गाड्यांत ईसीयू ही मात्रा पुढे स्वतः शिकतही जातो, गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी धावत असताना, म्हणून कोड भरल्यावर लगेच निकाल लावू नका, थोडी गाडी चालू द्या. तुमच्या बदललेल्या दोन इंजेक्टरांचे कोड भरले होते का, हे आधी विचारा. स्कॅनरवर दिसणारा कोड आणि इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड, अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

त्याच वेळी इंजेक्टरच्या खालचा तांब्याचा वॉशरही बघा. एका जनरेटरच्या इंजिनाने इंजेक्टरचं काम झाल्यावर एका सिलिंडरवर ठोका धरला होता. टेस्टरवर इंजेक्टर निर्दोष, कॉम्प्रेशन बरोबर, टायमिंग बरोबर. इंजेक्टर काढून भोकात टॉर्च मारली तर तळाशी जुना वॉशर चिकटून बसलेला, कार्बनने काळा, लोखंडाच्याच रंगाचा. त्याच्यावर कोणीतरी नवा वॉशर टाकून इंजेक्टर बसवला होता. दोन वॉशरांनी नोझल वर उचलला गेला, फवारा पिस्टनच्या खळग्याऐवजी त्याच्या काठावर बसत होता. आकडीने जुना वॉशर काढला, बैठक साफ केली, एकच नवा वॉशर टाकला, ठोका गेला. वॉशर अजिबात नसला किंवा चुकीच्या जाडीचा असला तरी असंच होतं. इंजेक्टर बदलल्यानंतरच्या तक्रारीत हे बघायला दहा मिनिटं लागतात, आणि इंजिन खोलायला दिवस.

आता बेअरिंगचं. एकेका सिलिंडरचं इंधन तोडून बघण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते, पण तिचा अर्थ लावताना बहुतेक जण फसतात. इंधन तोडलं आणि ठोका गेला म्हणजे ज्वलनाचाच ठोका, असं नाही. बिग एंड बेअरिंग सैल असलं तरी त्या सिलिंडरचं इंधन तोडल्यावर लोड जातो आणि ठोका कमी होतो. पिस्टन स्लॅपही (सैल पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटणं) कमी होतो. ही चाचणी सिलिंडर दाखवते, कारण दाखवत नाही. कारणासाठी वेगळी लक्षणं लागतात. डिलेचा ठोका थंडीत, आयडलला आणि कमी लोडला जास्त, इंजिन तापल्यावर आणि लोड घेतल्यावर कमी. बेअरिंगचा ठोका उलट: ऑइल गरम होऊन पातळ झालं, ऑइल प्रेशर उतरलं, लोड आला, की तो वाढतो, आणि आवाज जड, खालून ऑइल चेंबरच्या बाजूने येतो. पिस्टन स्लॅप मात्र थंडीत जास्त आणि गरम झाल्यावर कमी, म्हणजे ज्वलनाच्या ठोक्यासारखाच वागतो. तो ओळखायला स्टेथोस्कोप ब्लॉकच्या बाजूला लावून ऐकावा. आवाज बोथट असतो आणि बोअरच्या एका बाजूला जास्त ऐकू येतो. तुमचा ठोका गरम झाल्यावर कमी होतो, हे बेअरिंगच्या विरुद्ध बाजूचं लक्षण आहे.

खात्रीची चाचणी इंजेक्टर एका सिलिंडरमधून दुसऱ्यात फिरवण्याची. ठोका इंजेक्टरबरोबर गेला तर दोष इंजेक्टरचा, जागेवर राहिला तर सिलिंडरचा. कॉमन रेलमध्ये फिरवताना कोडही त्याच्याबरोबर नव्या जागी भरायचा, नाहीतर चाचणीच खोटी. आणि इंधन तोडताना एक गोष्ट जिवाची आहे: मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर पाइपचा नट सैल करून सिलिंडर तोडतात, तसं कॉमन रेलवर कधीही करू नका. इंजिन चालू असताना तिथे शेकडो बार असतात, लोडवर दोन हजारांच्या घरात. स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद करता येतो, तोच वापरा.

चालू करायला त्रास होतो म्हणून ईथरचा स्प्रे मारण्याची सवय असेल तर ती सोडा. ईथर डिझेलपेक्षा कितीतरी लवकर पेटतं. पिस्टन अजून वर चढत असताना ते भडकतं, आणि रिंगांमधली पट्टी तुटते. ग्लो प्लग तापलेले असताना मारला तर भडका इनटेकमधूनच बाहेर येतो.

कधी इंजिन खोललंच, तर तुकड्यांवरून कारण वाचता येतं. रिंगांमधली पट्टी स्वच्छ, कोरडी तुटलेली आणि कुठेही वितळल्याची खूण नसेल, तर दाबाचे झटके: टायमिंग फार पुढे, ईथर, किंवा दीर्घकाळचा जोरदार ठोका. पिस्टनच्या माथ्यावर फवाऱ्याच्या रेषेत धातू वितळून वाहिलेला असेल, तर ठिबकणारा नोझल किंवा गरजेपेक्षा जास्त इंधन. ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवलेल्या गाड्यांत असे पिस्टन नेहमी निघतात. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा वरचा अर्धा शेल भेगाळलेला आणि खालचा ठीक असेल, तरीही ज्वलनाच्या दाबाकडेच बघा, कारण तो मार वरच्याच शेलवर पडतो.

ठोक्याखेरीज ज्वलनाचे दोन बिघाड थोडक्यात सांगतो. गॅस आणि डिझेल दोन्हींवर चालणाऱ्या इंजिनात हवेबरोबर गॅस आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे तिथे पेट्रोलसारखं खरं नॉकिंग होऊ शकतं, आणि तिथे उपायही पेट्रोलसारखे: हवा थंड करा, लोड उतरवा, गॅसचं प्रमाण कमी करा. दुसरा बिघाड जिवावरचा आहे, इंजिन बेलगाम पळणं. टर्बोच्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून आलेलं इंजिन ऑइल, ऑइलबाथ एअर क्लीनरमध्ये जास्त भरलेलं ऑइल, किंवा आसपासच्या हवेत गळलेला ज्वलनशील वायू इंजिन इनटेकमधून ओढून घेतं आणि त्याच्यावरच पळू लागतं. चावी बंद करून उपयोग होत नाही, कारण डिझेलवर ते चाललेलंच नसतं. हवा तोडणं हाच उपाय: इनटेकवर फळी किंवा जाड पत्रा दाबायचा, हात किंवा कापड कधीच नाही. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक इनटेकमध्ये सोडलं तरी चालतं. मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा. हे जमण्यासारखं नसेल तर सगळ्यांना घेऊन लांब व्हायचं. धूर निळसर, ऑइल कमी होत चाललंय आणि टर्बोचा पाइप आतून ओला, अशी चिन्हं दिसली तर पाळी येण्याआधीच टर्बो काढून बघा.

तुमच्या इंजिनाचा क्रम मी असा लावला असता. पहिल्यांदा इंजेक्टरचे कोड आणि वॉशर. मग स्कॅनरवर आयडलला चारही सिलिंडरांच्या करेक्शनचे आकडे (आयडल सारखं ठेवायला ईसीयू प्रत्येक सिलिंडरचं इंधन किती कमी-जास्त करतोय ते) आणि रेल प्रेशर. आयडलला रेल प्रेशर बऱ्याच गाड्यांत अडीचशे ते साडेतीनशे बारच्या दरम्यान असतं, सेन्सर चुकीचं वाचत असेल तर त्यानेही आवाज वाढतो. एका सिलिंडरचं करेक्शन बाकीच्यांपासून फार लांब असेल तर त्याच्याकडे बघा. नंतर इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांतून किती डिझेल परत येतं ते चार बाटल्यांत मोजा. एक बाटली बाकीच्यांच्या खूप पुढे गेली तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. ग्लो प्लगचा रेझिस्टन्स मीटरने बघा: साधारण एक-दोन ओमच्या आत असतो, मेलेला प्लग सर्किटच तुटलेलं दाखवतो. इथवर काही सापडलं नाही तर कॉम्प्रेशन टेस्ट. त्यात एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. इंधनाचा संशय राहिलाच तर टाकी रिकामी करून दुसऱ्या ठिकाणचं डिझेल भरून एकदा थंड इंजिन चालू करून बघा.

तोवर गाडी चालवायला हरकत नाही, फक्त थंड इंजिनाला पहिली काही मिनिटं लोड देऊ नका आणि जागेवर उभं राहून रेसही करू नका. मात्र आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकला, गरम झाल्यावर ठोका कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला, किंवा ऑइल फिल्टर कापून बघितल्यावर घडीत चमकणारे कण दिसले, तर तिथेच इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या. मग पहिल्या मेकॅनिकचं म्हणणं खरं धरून ऑइल चेंबर उतरवा आणि बिग एंडचे शेल बघा. त्यासाठीही हेड उघडावं लागत नाही.